चूक आणि कट : विशेष दलांतील माजी सैनिकांच्या थरारकादंबऱ्यांचा विचार

१

रंजनप्रधान कादंबरीचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा दोन भूमिका घेत आली आहे. एक उपेक्षेची आणि दुसरी समाजशास्त्रीय कुतूहलाची. पहिल्या भूमिकेत अशी कादंबरी वाङ्मयच ठरत नाही. दुसऱ्या भूमिकेत ती वाङ्मय नसली, तरी समाजाच्या इच्छा आणि भीती यांचा पुरावा ठरते. या दोन्ही भूमिकांत कादंबरी प्रत्यक्ष वाचण्याचे, म्हणजे तिच्या संविधानकाला आणि निवेदनाला प्रश्न विचारण्याचे काम टळते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा असोत, की अनुवादातून मराठीत आलेले अ‍ॅलिस्टर मॅक्लीन आणि फ्रेडरिक फोर्साइथ असोत, त्यांचा उल्लेख होतो तो खपाच्या संदर्भात. रचनेच्या संदर्भात क्वचितच.

गेल्या सुमारे तीन दशकांत इंग्रजीत या प्रकाराची एक वेगळी शाखा वाढली आहे. तिच्यापुढे या दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात. ब्रिटन आणि अमेरिका येथील सैन्यांच्या विशेष दलांतून निवृत्त झालेल्या सैनिकांनी लिहिलेल्या थरारकादंबऱ्यांची ही शाखा आहे. ब्रिटिश ‘स्पेशल एअर सर्व्हिस’मधील अँडी मॅकनॅब आणि ख्रिस रायन, अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ दलातील रिचर्ड मार्सिंको आणि जॅक कार, अमेरिकी भूदलाच्या ‘डेल्टा फोर्स’मधील ब्रॅड टेलर ही त्यांतील ठळक नावे. या कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावर कथानकाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, लेखकाची सेवापुस्तिका छापलेली असते. लेखक ‘तेथे होता’ ही गोष्ट येथे केवळ लेखकपरिचयाचा भाग राहत नाही; ती कादंबरीच्या मूल्याचा आधार म्हणून पुढे केली जाते.

अनुभवाच्या प्रामाण्याचा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत तो अनेक अंगांनी तपासला गेला आहे. त्यामुळे या परक्या कादंबऱ्यांकडे पाहण्यासाठी लागणारी काही साधने मराठी चर्चेजवळ आधीच आहेत. प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा असा, की या कादंबऱ्यांत लेखकाचा अनुभव ज्या गोष्टीची ग्वाही देतो ती त्या अनुभवातील सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट असते. सैनिकाला जे विशेषत्वाने ठाऊक असते ते म्हणजे युद्धातील चूक. नेमकी तीच सांगण्यास त्याला त्याची संस्था अडविते आणि त्याने स्वीकारलेला वाङ्मयप्रकारही अडवितो.

२

या शाखेचा उगम एका फसलेल्या मोहिमेत आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या प्रारंभी, ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ची आठ जणांची एक तुकडी इराकच्या पश्चिमेकडील वाळवंटात उतरविण्यात आली. ‘ब्राव्हो टू झीरो’ हे तिचे सांकेतिक नाव. तुकडीजवळ वाहने नव्हती, तिला दिलेल्या बिनतारी संदेशयंत्रणेच्या कंपनसंख्या चुकीच्या होत्या आणि थंडी अपेक्षेपेक्षा कितीतरी कडक निघाली. तुकडीचा सुगावा लागला. तिघे मृत्यू पावले, चौघे पकडले गेले आणि एक जण सुमारे ३०० किलोमीटर चालत सीरियात पोचला.

तुकडीचा प्रमुख सार्जंट अँडी मॅकनॅब याने १९९३ मध्ये ‘ब्राव्हो टू झीरो’ हे पुस्तक लिहिले. सीरियात पोचलेल्या ख्रिस रायनचे ‘द वन दॅट गॉट अवे’ १९९५ मध्ये आले. दोन्ही नावे टोपणनावे आहेत. दोन्ही पुस्तके प्रचंड खपली आणि दोघेही पुढे व्यावसायिक कादंबरीकार झाले. परंतु या दोन कथनांत मेळ नव्हता. रायनच्या कथनात मोहिमेच्या अपयशाचा बराचसा भार तुकडीतील एका मृत सहकाऱ्यावर पडतो. २००० मध्ये, आखाती युद्धाच्या काळात त्याच पलटणीत रेजिमेंटल सार्जंट मेजर असलेल्या पीटर रॅटक्लिफ याने आपल्या आठवणींत या दोन्ही कथनांविषयी शंका व्यक्त केल्या. मायकेल अ‍ॅशर हा स्वतः माजी सैनिक आणि अरबी भाषा जाणणारा वाळवंटप्रवासी. त्याने इराकमध्ये जाऊन, त्या परिसरातील बेदुइन कुटुंबाशी बोलून, २००२ मध्ये ‘द रिअल ब्राव्हो टू झीरो’ लिहिले. शेकडो शत्रूंशी झालेल्या म्हणून सांगितलेल्या लढाया त्याला तेथील साक्षींत सापडल्या नाहीत; मृत सहकाऱ्यावरील आक्षेपही त्याने खोडून काढला. २००४ मध्ये तुकडीतील आणखी एक जण, न्यूझीलंडचा माइक कोबर्न, याचे ‘सोल्जर फाइव्ह’ प्रसिद्ध झाले.

कोणते कथन खरे, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात दुसरी गोष्ट दिसते. मोहीम ज्या कारणांनी फसली ती सारी क्षुल्लक होती. चुकीचा आकडा, चुकीचा अंदाज, चुकीचा निर्णय, हवामान. त्यात खलनायक नव्हता. असे अपयश सांगणे फार कठीण, कारण कथेला कारण हवे असते आणि कारणाला शक्यतो चेहरा हवा असतो. हा चेहरा एका कथनात जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही अशा मृताचा झाला. इतरत्र तो शत्रूच्या अफाट संख्येचा झाला. चुकीचे रूपांतर दुसऱ्याच कशात तरी करण्याची ही गरज आठवणींच्या पुस्तकातच उत्पन्न झाली होती. पुढे कादंबरीने तिला कायमची सोय करून दिली.

३

त्या सोयीची एक बाजू कायद्याची आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने विशेष दलांतील सैनिकांकडून गोपनीयतेचा करार करून घेण्यास सुरुवात केली. पूर्वपरवानगीवाचून सेवेविषयी काहीही जाहीर न करण्याचे बंधन त्यात होते आणि ते निवृत्तीनंतरही लागू राहणार होते. सही न करणाऱ्याला विशेष दलातून मूळ पलटणीत परत पाठविले जाणार होते. विशेष दलाच्या सैनिकाला ही शिक्षाच वाटावी. कोबर्नच्या पुस्तकाचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. २००३ च्या निर्णयात हा करार दबावाखाली झालेला म्हणून रद्द ठरविण्यास न्यायाधीशांच्या बहुमताने नकार दिला. पुस्तक निघाले, पण त्याच्या प्राप्तीवरचा सरकारचा हक्क मान्य झाला.

अमेरिकेतही हेच दिसते. १९८० च्या फ्रँक स्नेप खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, कोणतेही गुपित फुटले असे सरकारचे म्हणणे नसतानाही, केवळ हस्तलिखित आधी न दाखविल्याबद्दल माजी गुप्तचर अधिकाऱ्याचे उत्पन्न सरकारजमा करण्याचा निर्णय दिला. ओसामा बिन लादेनवरील छाप्यात सहभागी झालेल्या ‘सील’ सैनिकाने २०१२ मध्ये ‘नो ईझी डे’ हे पुस्तक पूर्वपरीक्षणाविना काढले. २०१६ मध्ये त्याला ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम सरकारला परत देण्याचे मान्य करावे लागले.

कादंबरीचा आश्रय घेण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. रॉबिन मूर या लेखकाने विशेष दलाचे प्रशिक्षण घेऊन, व्हिएतनाममध्ये राहून जे लिहिले ते १९६५ मध्ये ‘द ग्रीन बेरेज’ या नावाने कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाले. वृत्तान्त म्हणून जे अडचणीचे होते ते कल्पित म्हणून छापता आले. मूर विशेष दलातील सैनिक नव्हता. पुढे सैनिक स्वतःच लिहू लागले तेव्हा हा मार्ग तयारच होता. मात्र आता कादंबरीलाही पूर्वपरीक्षणातून जावे लागते.

या व्यवस्थेचे एक विलक्षण दृश्य रूप जॅक कारच्या ‘द टर्मिनल लिस्ट’ (२०१८) या पहिल्याच कादंबरीत आढळते. अमेरिकी संरक्षण खात्याने हस्तलिखितातून जे शब्द आणि ओळी काढावयास लावल्या, त्या कारने गाळल्या नाहीत. त्यांच्या जागी काळे पट्टे छापू दिले. कल्पित कथेच्या पानावर शासनाची काळी शाई दिसू लागताच वाचकाचा ग्रह होतो, की पट्ट्याखाली सत्य असले पाहिजे, आणि म्हणून आजूबाजूचा मजकूरही सत्याच्या निकटचा असला पाहिजे. बंदी हीच प्रामाण्याची मोहोर होते. मॅकनॅब आणि रायन यांच्या टोपणनावांचे कार्यही यासारखेच आहे. लेखक खरा आहे आणि म्हणूनच त्याचे नाव खोटे आहे, असा हा उलटा पुरावा.

मग सांगता येते ते काय? शस्त्रांची नावे, गोळ्यांचे व्यास, दार फोडण्याची पद्धत, पाठलाग चुकविण्याची रीत, पाठीवरील पिशवीतील सामान. या तपशिलांची विपुलता हे या कादंबऱ्यांचे सर्वांत उघड लक्षण आहे, आणि ‘अस्सल’ हे विशेषण त्यांना मिळते ते याच तपशिलांमुळे. परंतु हा तपशील अनुभवाचा पुरावा होऊ शकत नाही. ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९८४) लिहिणारा टॉम क्लॅन्सी विमाव्यवसायात होता. अधू दृष्टीमुळे त्याला सैन्यात जाता आले नव्हते. तरीही पाणबुडीच्या तांत्रिक वर्णनांबद्दल त्याची वाखाणणी झाली. यंत्राची माहिती ग्रंथालयातून मिळविता येते. ग्रंथालयातून न मिळणारे ज्ञान वेगळेच असते. सर्व काही नियमाप्रमाणे करूनही माणूस मरतो तेव्हा उरलेल्यांच्या मनात काय चालते, अहवालात काय लिहिले जाते आणि काय लिहिले जात नाही, हे ते ज्ञान. पूर्वपरीक्षण यंत्राचा बराचसा तपशील राहू देते. या दुसऱ्या ज्ञानाविषयी मात्र संस्था सर्वाधिक हळवी असते.

४

सामानाच्या यादीला वाङ्मयात स्थान नाही, असे येथे सुचवावयाचे नाही. उलट, युद्धविषयक आधुनिक कथनातील एक श्रेष्ठ रचना सामानाच्या यादीवरच उभी आहे. टिम ओब्रायन हा व्हिएतनाममध्ये पायदळातील साधा शिपाई होता, तोही सक्तीच्या भरतीतून गेलेला. त्याच्या ‘द थिंग्ज दे कॅरिड’ (१९९०) या ग्रंथाच्या आरंभी सैनिक काय काय वाहून नेत होते याची वजनांसह नोंद येते. रायफल, दारूगोळा, रेडिओ, डबाबंद अन्न. मग त्याच कोरड्या स्वरात भीती येते, आठवणी येतात, पळून न जाण्यामागची लाज येते. वजनाच्या आकड्यांनी वाचकाला ज्या काटेकोरपणाची सवय लावली, तोच काटेकोरपणा जे मोजता येत नाही त्याला लागू होतो. यादी पुढे सरकते आणि अर्थ बदलतो. कारच्या किंवा टेलरच्या कादंबरीतील यादी अशी सरकत नाही. ती पात्राची सिद्धता दाखविते आणि थांबते. तिच्यातील कोणतीही वस्तू पुढे पात्राला जड होत नाही.

दुसरे साम्य नावाचे आहे. रिचर्ड मार्सिंको हा ‘सील टीम सिक्स’चा संस्थापक प्रमुख. सरकारची फसवणूक करण्याच्या कटाबद्दल त्याला १९९० मध्ये दोषी ठरवून तुरुंगात पाठविण्यात आले. १९९२ मध्ये जॉन वाइसमन या पत्रकाराच्या सहकार्याने त्याने ‘रोग वॉरियर’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यानंतरच्या कादंबऱ्यांच्या नायकाचे नावही रिचर्ड मार्सिंको असेच ठेवले. ओब्रायननेही आपल्या कथनातील पात्राला टिम ओब्रायन हेच नाव दिले आहे. तंत्र एकच, परिणाम मात्र विरुद्ध. मार्सिंकोच्या कादंबरीत नामसाम्यामुळे कल्पिताला चरित्राचे वजन मिळते आणि जे न्यायालयात हरले ते कथेत जिंकता येते. ओब्रायनच्या ग्रंथात नामसाम्यामुळे उलट चरित्रच संशयास्पद होते. ‘हे तुम्ही भोगले काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्याचा निवेदक देत राहतो आणि प्रत्येक वेळी ते बदलते.

ओब्रायनच्या ग्रंथात एका साथीदाराचा रात्रीच्या माऱ्यात, चिखलाच्या शेतात रुतून मृत्यू होतो. हा मृत्यू अनेक प्रकरणांत पुन्हा पुन्हा सांगितला जातो, आणि दर वेळी दोष दुसऱ्याकडे सरकतो. तळ तेथे टाकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, बॅटरी पेटविणाऱ्या पोराकडे, हात सोडणाऱ्या मित्राकडे, स्वतः लेखकाकडे. शेवटी कोणीच निर्दोष राहत नाही आणि कोणीच गुन्हेगार ठरत नाही. ‘ब्राव्हो टू झीरो’संबंधीच्या पुस्तकांत एका घटनेची जी अनेक कथने परस्परांशी भांडत राहिली, ती येथे एकाच लेखकाने एकाच ग्रंथात नांदविली आहेत. दोष मृतावर ढकलण्याचा मोह ओब्रायनलाही झाला असेल. त्याने तो मोहच कथनाचा विषय केला.

५

थरारकादंबरीचे संविधानक चुकीशी काय करते हे आता पाहता येईल. ‘द टर्मिनल लिस्ट’चा नायक जेम्स रीस याची तुकडी अफगाणिस्तानात सापळ्यात सापडून नष्ट होते. प्रारंभी हे अपयश त्याच्या माथी येते. प्रमुख म्हणून तो स्वतःलाही विचारतो, की आपले काय चुकले? हा क्षण खऱ्या अनुभवाचा आहे, यात संशय नाही. पण कादंबरी त्याला तेथे राहू देत नाही. लवकरच कळते, की चूक नव्हतीच, कट होता. एका औषधाच्या चाचणीचे दुष्परिणाम झाकण्यासाठी वरिष्ठांनी तुकडीचा बळी दिला. नायकाची गर्भवती पत्नी आणि मुलगी यांचीही हत्या होते आणि मग तो कटातील एकेकाला मारत सुटतो. अपराधभावाचे जे ओझे आरंभी उचलले जाणार होते, ते सुडाच्या यादीत वाटले जाते.

कुटुंबाच्या हत्येचा हा संकेत एकट्या कारचा नाही. ब्रॅड टेलरच्या ‘वन रफ मॅन’ (२०११) मधील पाइक लोगन मोहिमेवर असताना त्याची पत्नी आणि मुलगी मारली जातात. मॅकनॅबच्या ‘रिमोट कंट्रोल’मध्ये नायक निक स्टोन याच्या मित्राचे कुटुंब मारले जाते; वाचते ती एक लहान मुलगी, आणि तिला घेऊन तो पळतो. तीन लेखक, दोन देश आणि एकच प्रारंभ. व्यावसायिक अपराधाच्या जागी कौटुंबिक शोक आणून ठेवला, की नायकाला मारण्याचा अधिकार मिळतो आणि वाचकाला तो अधिकार तपासण्याची गरज उरत नाही. टेलरच्या कादंबऱ्यांतील ‘टास्कफोर्स’ ही संस्था तर कायद्याच्या चौकटीबाहेर काम करण्यासाठीच कल्पिलेली आहे.

‘रिमोट कंट्रोल’चा प्रारंभ या दृष्टीने विशेष लक्षात घ्यावा. तो जिब्राल्टरमध्ये होतो. तेथे ६ मार्च १९८८ रोजी ‘स्पेशल एअर सर्व्हिस’च्या सैनिकांनी आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या तिघांना गोळ्या घालून ठार केले. तिघेही निःशस्त्र होते आणि त्यांनी उभ्या केलेल्या मोटारीत बॉम्ब नव्हता. स्फोटके नंतर स्पेनमध्ये सापडली. १९९५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १० विरुद्ध ९ मतांनी जगण्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. निर्णयातील विवेक असाधारण आहे. गोळी झाडणाऱ्या सैनिकांना आपल्याला मिळालेली माहिती खरी वाटत होती, हे न्यायालयाने मान्य केले. दोष त्याने मोहिमेच्या आखणीत आणि नियंत्रणात पाहिला. संशयितांना आधीच का अडविले नाही, आणि अंदाजच निश्चित माहिती म्हणून सैनिकांना का सांगितले गेले, हे त्याचे प्रश्न होते.

प्रामाणिक समजुतीने केलेली अक्षम्य कृती हा शोकात्मिकेचा विषय आहे. जे आपण खरे मानले ते खरे नव्हते, हे कळल्यानंतर त्या सैनिकाचे काय होते, हे एखाद्या माजी सैनिकालाच खऱ्या अर्थाने लिहिता आले असते. मॅकनॅबचा प्रथमपुरुषी निवेदक जिब्राल्टरच्या रस्त्यावरील ताण उत्तम उभा करतो. शरीराची सावधगिरी, वाट पाहण्यातील कंटाळा, सेकंदांचे ताणले जाणे, हे सारे तेथे आहे. परंतु न्यायालयाने विचारलेला प्रश्न कादंबरीत उचलला जात नाही. कथानक अटलांटिकपलीकडे, पाठलागाकडे आणि कारस्थानाच्या उकलीकडे धावते.

कट ही या अर्थाने सांत्वना असते. कट असेल तर जग अर्थपूर्ण असते. कोणाला तरी सर्व ठाऊक होते, कोणी तरी ठरवून केले आणि त्याला शोधून मारता येते. चुकीला असा कर्ता नसतो. ती आकड्यांत, फायलींत, घाईत आणि सवयीत पसरलेली असते. कटकथा शासनाविरुद्ध बोलत असल्याचा आभास निर्माण करते. सेनापती, सिनेटर, उद्योगपती यांना खलनायक करते. म्हणून ती बंडखोर भासते. पण वाईट माणसे काढून टाकली की संस्था शुद्ध राहते, हे तिचे गृहीतक संस्थेला फारसे त्रासदायक नसते. पूर्वपरीक्षणाला यात आक्षेपार्ह काही सापडू नये, हे स्वाभाविक आहे.

६

एवढ्यावरून या कादंबऱ्या निकालात काढणे योग्य होणार नाही. त्यांतील एक लाभ मान्य करावयास हवा. ब्रिटिश युद्धवाङ्मयाची जी परंपरा अभ्यासक्रमांत शिकविली जाते तिच्यात रॉबर्ट ग्रेव्हज, सीगफ्रीड ससून अशा अधिकारीवर्गाचा आवाज मोठा आहे. हेरकथाकार इयान फ्लेमिंगही नौदलाच्या गुप्तचर विभागातील अधिकारीच होता. मॅकनॅब हा अर्भकावस्थेत टाकून दिलेला, सोळाव्या वर्षी सैन्यात शिरलेला आणि तेथेच खऱ्या अर्थाने वाचू लागलेला माणूस आहे. त्याच्या निक स्टोनच्या बोलण्यात पगाराचा हिशेब आहे, साहेबांविषयीचा कडवटपणा आहे आणि काम बिघडल्यास आपल्याला कोणी ओळख देणार नाही याची खालच्या माणसाला असलेली पक्की जाणीव आहे. ही जाणीव ग्रंथालयातून आलेली नाही. लेखकाच्या ‘तेथे असण्या’चे खरे फळ कोठे असेल तर ते शस्त्रांच्या नावांत नसून या स्वरात आहे. दुर्दैव असे, की मलपृष्ठ वाचकाला शस्त्रांकडे बोट दाखविते, स्वराकडे नव्हे.

मराठीतील अनुभवप्रामाण्याच्या चर्चेशी या विषयाचा संबंध येथे पोचतो. दलित आत्मकथनांच्या संदर्भात ‘ज्याने भोगले त्यानेच लिहावे’ असे म्हटले गेले तेव्हा त्यामागे एक नैतिक व्यवहार होता. लेखक स्वतःच्या नावानिशी उभा होता. ज्यांच्याविषयी लिहिले ती माणसे वस्तीत, गावात, घरात होती आणि त्यांचे आक्षेप त्याला ऐकावे लागत होते. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये तर दगडू पवार हा आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकच माणूस भोगणारा आणि लिहिणारा असा दुभंगून स्वतःसमोर बसतो. साक्ष देणारा तेथे स्वतःचीच उलटतपासणी घेतो. अनुभवाला प्रामाण्य मिळाले ते भोगण्यामुळे, पण वाङ्मयीन मूल्य मिळाले ते या तपासणीमुळे. हा भेद ढळला, की अनुभव हे केवळ प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र समीक्षेला गप्प करते. ज्याने युद्ध पाहिले नाही त्याने युद्धकादंबरीविषयी काय बोलावे, असा संकोच वाचकाला वाटू लागतो.

हा संकोच निरुपद्रवी नाही. युद्ध आणि दहशतवाद यांविषयीचे सर्वसामान्य वाचकाचे मत न्यायालयांच्या निकालपत्रांवर बनत नाही. ते अशा कादंबऱ्यांवर आणि त्यांच्यावरून झालेल्या पडद्यावरील रूपांतरांवर बनते. ‘द टर्मिनल लिस्ट’ची २०२२ मध्ये निघालेली मालिका भारतातही घरोघरी पाहता आली. अशा कथेतून वाचक बंदुकीची माहिती घेऊन बाहेर पडला तर बिघडत नाही. मात्र सैन्याच्या हातून चूक होत नाही, झालाच तर विश्वासघात होतो, आणि कायदा हा शूरांच्या मार्गातील अडथळा असतो, ही समजूत तो ‘ज्याने पाहिले त्याने सांगितले’ या श्रद्धेने घेऊन बाहेर पडत असेल, तर ती तपासण्याचे काम कोणाचे? सैनिकाचे नव्हे, तो कराराने बांधलेला आहे. प्रकाशकाचेही नव्हे. ते समीक्षेचे आणि वर्गात शिकविणाऱ्यांचे आहे.

त्यासाठी युद्ध पाहिलेले असण्याची अट नाही. संविधानक कोठे वळते, दोष कोणाकडे सरकतो, यादी कोठे थांबते आणि निवेदक कोणता प्रश्न अर्ध्यावर सोडतो, हे पाहता आले पाहिजे. पदव्युत्तर वर्गात रंजनप्रधान कादंबरी शिकविताना मॅकनॅब आणि ओब्रायन शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर माजी सैनिकाच्या अनुभवाचा अवमान होणार नाही. त्याच्या अनुभवातील जो भाग त्याला स्वतःच्या कादंबरीत मांडता आला नाही, त्याची निदान जागा तरी अशा वाचनात निश्चित होईल.